मूषकवंश, मद्य आणि मात्राविचार

औषध तेच, मात्रा तीच, तरी गुण वेगळा का, हा प्रश्न चिकित्सकास नित्य पडतो. मॅक्लर्न व रॉजर्स यांनी १९५९ मध्ये शुद्ध वंशाच्या मूषकांपुढे पाणी व मद्य ठेवले. सी५७ वंशाने मद्य पसंत केले. डीबीए वंश ते टाळतो. मात्र वंश तोच असूनही काही वर्तन प्रयोगशाळेगणिक बदलते, असे क्रॅब व सहकाऱ्यांना १९९९ मध्ये आढळले. म्हणजे बीजाबरोबर देशही विचारात घ्यावा लागतो. मनुष्याविषयी पुण्यात पटवर्धन, जोशी व चोप्रा यांनी २००५ मध्ये प्रकृती व एचएलए जनुके यांचा संबंध अभ्यासला. मूषकवंश म्हणजे प्रकृती नव्हे, हे आम्ही आवर्जून सांगतो. तथापि जालना जिल्ह्यातील व्यवसायबंधूंनी मद्यपी रुग्णाची चरकोक्त दशविध परीक्षा करून कुलवृत्तही नोंदवावे व मगच मात्रा ठरवावी. औषधालय चालकांनीही एकच योग सर्वांस देऊ नये.