वादळानंतरची जमीन-मोजणी आणि विजेचे खांब

वादळाने शेतातील विजेचे खांब आडवे केले म्हणजे सर्वप्रथम तारतंत्र्याची वाट पाहिली जाते. परंतु खांबांबरोबर झाडे, कुंपणे व घरेही नाहीशी झाली असतील, तर नवा खांब नेमका कोठे पुरावयाचा, हे तारतंत्र्यास सांगावयास भूमापकच लागतो.

दि. १० डिसेंबर २०२१ रोजी रात्री अमेरिकेत असाच प्रसंग उद्भवला. टेनेसी राज्यात उत्पन्न झालेला एक टॉर्नेडो, म्हणजे घूर्णवाती वादळ, पश्चिम केंटकीतून २६० किलोमीटरांहून अधिक लांबीचा पट्टा उद्ध्वस्त करीत गेला. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ३०० किलोमीटर होता. ५७ माणसे मृत्युमुखी पडली. मेफील्ड शहराचा मध्यभाग कोसळला आणि प्रिन्स्टन येथील केंटकी विद्यापीठाच्या कृषी संशोधन केंद्राचीही मोठी हानी झाली. या प्रदेशात कोंबडीपालन मोठ्या प्रमाणावर चालते. ऐन हिवाळ्यात वीज नसेल तर पिलांना ऊब देणारी व हवा खेळती ठेवणारी साधने बंद पडतात. तेव्हा विलंब परवडत नाही.

तथापि घाईने भलत्या जागी खांब उभारणे हेही हिताचे नसते. वीजवाहिनीचा मार्गाधिकार जमिनीच्या ठराविक पट्ट्यापुरताच असतो. खांब त्याबाहेर गेला की तंटा उभा राहतो. शिवाय ताण तोच ठेवून दोन खांबांतील अंतर वाढविले, तर तारेचा झोळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५० मीटरांचे अंतर ७० मीटर केल्यास झोळ जवळजवळ दुप्पट होतो. कडब्याने भरलेली ट्रॉली त्याखालून नेणाऱ्यास याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

म्हणून भूमापक मोडलेल्या खांबांचे बुंधे शोधतो, जुन्या नकाशाशी ते ताडून पाहतो व उपग्रहांचे संकेत घेणाऱ्या यंत्राने नव्या जागा ठरवून खुंट्या ठोकतो. वाहिनी जेथे वळते तेथे ताण तारेसाठीही जागा राखावी लागते. खोदण्यापूर्वी जमिनीखालील नळ व तारा यांवर रंगाच्या खुणा केल्या जातात. अमेरिकेत विजेसाठी तांबडा, वायूसाठी पिवळा व पिण्याच्या पाण्यासाठी निळा रंग वापरतात.

केंटकीत आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मेफील्डच्या आसपासचा मुलूख १८१८ साली चिकसॉ लोकांकडून घेतला गेला व त्याची मोजणी चौरस पद्धतीने झाली. प्रिन्स्टन त्या मुलखाच्या बाहेर, पूर्वेस आहे. तिकडील जुन्या दस्तऐवजांत हद्द ओढा, दगड, अमुक एक झाड अशा खुणांनी सांगितलेली आढळते. झाडच उन्मळून गेल्यावर ती खूण कोठली! अशा वेळी कोपऱ्यावर पुरलेली लोखंडी सळई धातुशोधक यंत्राने हुडकावी लागते.

आपल्याकडे ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात सुपारी-नारळाच्या बागा झोपविल्या व विजेचे हजारो खांब पाडले. सुपारीच्या झाडालाच हद्द मानण्याची सवय आमच्या मते सोडून द्यावी. महाराष्ट्रात हद्दीच्या खुणा सुस्थितीत राखण्याची जबाबदारी कायद्याने भूधारकावरच आहे. गटाच्या नकाशाची प्रत घरात कोरड्या जागी ठेवावी. पावसाळ्यापूर्वी हद्दीच्या दोन पक्क्या दगडांपासून प्रत्येक खांबाचे अंतर टेपाने मोजून वहीत टिपून ठेवावे. एकाच दगडापासून घेतलेल्या अंतराने जागा निश्चित होत नाही. दोन दगडांपासूनच्या अंतरांनीही दोन जागा संभवतात, म्हणून खांब दगडांच्या कोणत्या बाजूस आहे, तेही लिहावे.

वादळानंतर पडलेल्या तारेस, ती निर्जीव वाटली तरी, हात लावू नये. शेजारच्या जनित्रातून तिच्यात प्रवाह उलट येऊ शकतो. पंचनामा होण्यापूर्वी मोडका खांब ओढून बांधावर टाकू नये, कारण त्याचा जमिनीतील बुंधा हीच मूळ जागेची खूण असते. भूकरमापक किंवा वीज कंपनीचा माणूस आल्यावर वही, नकाशा व तो बुंधा त्यास दाखवावा, आणि विहिरीवरील पंपाची पुरलेली केबल कोठून गेली आहे, तेही खड्डा खणण्याआधीच सांगावे.