एका पतंगाचीं अनेक नांवें

दक्षिण आफ्रिकेकडील प्रदेशांत मोपाने नांवाचे वृक्ष आहेत. त्यांच्या पाल्यावर वाढणाऱ्या एका सुरवंटास बोत्स्वानांतील लोक फाने म्हणतात, झिंबाब्वेंतील शोना लोक मादोरा म्हणतात. स्त्रिया तो झाडावरून वेचितात, पोटांतील घाण पिळून काढितात व मिठाच्या पाण्यांत उकळून उन्हांत वाळवितात. कित्येक गरीब घरांस हेंच अन्न व हीच मिळकत! बोत्स्वानाच्या ५ पुलांच्या नाण्यावरहि त्याचें चित्र आहे.

वाचकहो, नांवें दोन म्हणून प्राणी दोन, असा घोटाळा होऊं नये यासाठीं शास्त्रज्ञ लिनियसाच्या पद्धतीनें वंश व जाति मिळून एकच जोडनांव देतात. ह्याचें नांव गोनिम्ब्रेशिया बेलिना. त्यांतील बेलिना हें वेस्टवुड ह्या इंग्रज पंडितानें १८४९ त दिलें. गोनिम्ब्रेशिया हा वंश बटलरनें पुढें १८७८ त स्थापिला. वंश असा बदलला म्हणजे मूळ नांव देणाराचें नांव कंसांत छापितात. कोणाचें श्रेय बुडत नाहीं, हा नियम आम्हांस फार आवडतो. कांहीं पुस्तकांत इम्ब्रेशिया बेलिना असेंहि आढळेल. तो प्राणी दुसरा नव्हे.

आपल्या भंडाऱ्याकडील टसराचा पतंग ह्याच घराण्यांतला. परंतु हा आफ्रिकेचा भाऊबंद रेशमाचा कोष विणीत नाहीं. सुरवंट जमिनींत शिरतो आणि मातींतच रूप पालटतो.