राजीनामा दिल्यावर

१. वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्यांच्या देखभालीत माझी उमेदीची वर्षं गेली. पाटण तालुक्यात या कामाच्या कंपन्या मोजक्याच, त्यामुळं हाताला काम बसलं की पोरं इकडून तिकडं जाणारच. पण नेमणूकपत्राच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात असतंच : नोकरी सोडल्यावर दोन वर्षं दुसऱ्या पवनचक्की कंपनीत काम करायचं नाही. मग करायचं काय, परत भातलावणी?

ही अट नोकरी सुटल्यावर टिकत नाही. १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम २७ म्हणतं की कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. मुदत दोन वर्षांची की सहा महिन्यांची, अट रास्त की जाचक, असला काथ्याकूट इंग्लंडच्या कोर्टात चालतो. आपल्याकडं कलमात अपवाद एकच : धंदा नावलौकिकासकट विकलेला असेल तर. पगारी माणसाकडं विकायला धंदा कुठला!

२. कराराची मुदत संपेपर्यंत मात्र तीच अट पक्की. कल्याणच्या रेयॉन कारखान्यात टायर कॉर्डच्या विभागात निरंजन शंकर गोलिकरी शिफ्ट सुपरवायझर होते. करार पाच वर्षांचा, तंत्र परदेशी कंपनीकडून घेतलेलं. मुदत संपायच्या आत ते जास्त पगारावर कोट्याच्या कारखान्यात गेले. १९६७च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं निकाल दिला : कराराची मुदत आहे तोवर दुसरीकडं हे काम करता येणार नाही. म्हणून ‘मुदत’ हा शब्द नेमणूकपत्रात आधी शोधावा.

३. श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानचं प्रकरण मात्र मुदत संपल्यानंतरचं, आणि मैदानही मोठं. त्याच्या जाहिराती बघणाऱ्या कंपनीच्या करारात होतं की मुदत संपल्यावरही दुसऱ्याचा प्रस्ताव आला तर आधी आम्हाला विचारायचं. २००६मध्ये सुप्रीम कोर्टानं ते कलम उडवलं.

४. बाँडला या अटीत मिसळू नये. तो पैशाचा मामला. विजया बँकेच्या प्रशांत नारनवरे यांनी तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली आणि बाँडचे दोन लाख भरून कोर्टात गेले. मे २०२५मध्ये सुप्रीम कोर्टानं बँकेची बाजू उचलून धरली. सरकारी बँकेला पुन्हा जाहिरात, परीक्षा हा सगळा खर्च पडतो, हे त्यामागचं एक कारण. आमच्याकडंही उंचावर चढायच्या ट्रेनिंगचा बाँड लिहून घेतात. पण आकडा वाट्टेल तो टाकला म्हणून तो सगळा मिळतोच असं नाही. त्याच करार कायद्याचं कलम ७४ रास्त भरपाईपुरतंच बोलतं.

५. हातातलं कसब आपलं, पेनड्राइव्हमधलं कंपनीचं. गिअरबॉक्सचा आवाज ऐकून बेअरिंग गेलंय हे ओळखणं कुणी काढून घेऊ शकत नाही. कंट्रोलरच्या सेटिंगची फाइल किंवा गिऱ्हाइकांची यादी नेली, तर कलम २७ वाचवायला येत नाही. व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवलेले फोटोसुद्धा त्यातच आले.

६. खरा त्रास कोर्टात नसतोच. मी सोडल्यावर कंपनीच्या वकिलाची नोटीस रजिस्टर पोस्टानं घरी आली. अण्णांनी ती न फोडता देव्हाऱ्यासमोर ठेवली आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत; शिक्का बघूनच त्यांना वाटलं, पोरानं काहीतरी उचललं. पाटण कोर्टातल्या वकीलसाहेबांनी एका पानात उत्तर लिहिलं, कलम २७, झहीर खान, बास. पुढं कंपनीनं दावा लावला नाही. त्यांना दावा लावायचाच नव्हता, मागं राहिलेल्या पोरांनी घाबरावं एवढंच हवं होतं, असं मला अजून वाटतं.

७. त्यांनी दुसरं पत्र नव्या कंपनीला धाडलं, ते जास्त लागलं. नवे साहेब कायदा जाणत असले तरी भानगड नको म्हणून जॉइनिंग लांबवतात. म्हणून मागच्या पानावरची अट मुलाखतीतच दाखवावी. राजीनामा मेलवर द्यावा, नोटीस पिरियड पुरा करावा, टूलकिट आणि सेफ्टी बेल्ट जमा केल्याची सही घ्यावी. रिलीव्हिंग लेटर अडलं तर मेलवर लेखी मागत राहावं. फोनवर ‘बघतो, बघतो’ म्हणणारा एचआरचा साहेब तीन महिन्यांनी स्वतःच दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.