संसर्गाचें भय कसें मोजावें?

अंगांतील ताप थर्मामीटर सांगतो. परंतु मनांतील भय कोणत्या नळीनें मोजावयाचें? हा प्रश्न आपल्या रत्नागिरीस परका नाहीं. एकोणिसाव्या शतकांत येथें दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीनें कुष्ठरुग्णांसाठीं रुग्णालय झालें. आणि १९३१ सालीं भागोजीशेट कीर यांनीं बांधलेलें पतितपावन मंदिर सर्व जातींच्या हिंदूंस खुलें झालें. एकीकडे भय रोगाचें, दुसरीकडे विटाळाचें. रोगास जंतु असतो, विटाळास नसतो. तरी मागें सरणारें पाऊल दोहींकडे सारखेंच.

कुष्ठरोगाचा जंतु हान्सेन यांनीं १८७३ सालीं नॉर्वेंत शोधून काढिला. बहुतेकांच्या शरीरांत त्याचा प्रतिकार करण्याची शक्ति असते, व योग्य औषध सुरू झाल्यावर रुग्णापासून संसर्ग होण्याचें लवकरच थांबतें. तथापि बरा होऊन घरीं आलेल्या माणसाचें ताट पुष्कळदां वेगळेंच मांडलें जातें. ज्ञान पुढें जातें, भय मागें राहतें. म्हणून तें मोजणें अवश्य आहे.

मापनश्रेणी रचण्याची रीत अशी. प्रथम लोकांच्या बोलण्यांतून विधानें गोळा करावीं. प्रत्येकापुढें ‘मुळींच नाहीं’पासून ‘अत्यंत’पर्यंत पांच पायऱ्या ठेवाव्या, ही पद्धति लिकर्ट यांनीं १९३२ सालीं मांडिली. नंतर थोड्या लोकांस विचारून संदिग्ध विधानें गाळावीं. त्याच मनुष्यानें कांहीं आठवड्यांनीं बहुतेक तींच उत्तरें दिलीं, तर श्रेणी विश्वसनीय. आणि भयानें खरोखर पीडलेल्यांचे गुण इतरांहून अधिक आले, तर ती यथार्थ. इटलींतील सनाव्हिओ यांनीं १९८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘पादुआ’ प्रश्नावलींत अशीं ६० विधानें असून त्यांत संसर्गभयाचींही आहेत.

मात्र परकी श्रेणी नुसती भाषांतरून भागत नाहीं. ‘बाहेरून आल्यावर मी पाय धुतों’ हें कोंकणांत भय नव्हे, घरची रीत होय. ‘पाय न धुतां घरांत जावें लागल्यास मला दिवसभर चैन पडत नाहीं’ या विधानानें मात्र भय दिसूं लागतें. शिवाय शिवाशिव पाळणारा तसें कागदावर सहसा कबूल करीत नाहीं. म्हणून ज्यास ती सोसावी लागते त्यासही विचारिलें पाहिजे. मुंबईंत वाइस, डुंगाजी व त्यांचे सहकारी यांनीं कुष्ठरुग्णांस स्वतःचा अनुभव पद्धतशीर विचारण्याची रीत तयार करून १९९२ सालीं प्रसिद्ध केली.

श्रेणी भय घालवीत नाहीं. परंतु शिकविण्यापूर्वीं व नंतर ती लाविली असतां आपलें शिकविणें मनापर्यंत पोंचलें कीं केवळ पाठ झालें, हें कळतें. वाचकांनीं स्वतः पांच विधानें लिहून पाहावीं, आणि प्रत्येकापाशीं थांबून विचारावें: हें भय आहे, कीं संवय?