अळंबीचा फोटो खालूनही काढा

आंबोलीत पाऊस जरा उघडला, की कॅमेरे घेऊन आम्ही रानात शिरतो. तिथे एकदा सोबतच्या एकाने गवतात उगवलेल्या पांढऱ्या, तपकिरी खवल्यांच्या मोठ्या छत्रीचा वरून फोटो काढला. फोनमधल्या अ‍ॅपने खाण्याच्या अळंबीचं नाव सांगितलं आणि लगेच पिशवी बाहेर निघाली. मी त्याला थांबवून छत्रीखाली आरसा धरला. आतले पापुद्रे मळकट हिरवे झाले होते. ती क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस निघाली. पोटात गेली, की काही तासांत उलट्या-जुलाब सुरू. कोवळेपणी तिचेही पापुद्रे पांढरेच असतात, बीजाणू पिकल्यावर हिरवे होतात. दोन दिवस आधी आरशातही काही कळलं नसतं, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

म्हणून फोटोवरून खायचं ठरवू नका, कितीही स्पष्ट आला तरी. वारुळावरची अळंबी काढणारी गावातली माणसं वर्षानुवर्षांची जागा, माती, हंगाम सगळं जाणतात. ते फोटोत कुठून येणार?

फोटो मात्र मनापासून काढा. दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा जवळ ठेवा, म्हणजे अळंबी उपटावी लागत नाही. बुंध्याजवळचा पाचोळा हलकेच बाजूला सारा. अमानिटा गटातल्या अनेक विषारी अळंबींच्या बुडाशी पिशवीसारखं आवरण असतं आणि उपटताना नेमकं तेच मातीत राहून जातं. फोटो झाला, की पाचोळा पुन्हा होता तसा करा. अळंबी लाकडावर होती, शेणावर की मातीत, जवळ कोणतं झाड होतं, हेही टिपून ठेवा.

जळवा लागतातच, त्यांना भिऊ नका. जपायचं ते चापडा या विषारी सापाला. तो वेलीवर, खोडावर तासन्‌तास निश्चल बसतो आणि आपला डोळा कॅमेऱ्याला लागलेला असतो. गुडघा टेकण्याआधी, हात ठेवण्याआधी ती जागा टॉर्चने नीट बघा.

आणि कुणी अनोळखी अळंबी खाल्लीच, तर त्रास होण्याची वाट पाहू नका. काही अमानिटांचं विष शिजवूनही जात नाही. त्रास सहा तासांनंतर, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतो. मध्ये थोडं बरं वाटतं आणि तोवर यकृतावर घाला पडलेला असतो. उरलेली अळंबी, शिजवलेली असली तरी, सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा. काढलेले सगळे फोटो डॉक्टरांना दाखवा, खालून काढलेला सर्वांत आधी.