परसांतील लसूण

मुलांनो, लसणाची पाकळी हेंच त्याचें बियाणें. कार्तिकांत गड्डा फोडून बाहेरच्या टपोऱ्या पाकळ्या निवडाव्या. त्या सोलूं नयेत. कुजलेलें शेणखत मिसळलेल्या भुसभुशीत वाफ्यांत टोंक वर ठेवून त्या दोन बोटें खोल व चार बोटें अंतरावर लावाव्या. लावतांच हलकें पाणी द्यावें, पुढें आठ-दहा दिवसांनीं. तण वाढूं देऊं नये.

सुमारें चार महिन्यांनीं पात पिवळी पडूं लागतांच पाणी तोडावें. एके वर्षीं मीं लोभानें पाणी चालूंच ठेविलें. गड्डे फुटले, साठविलेले कुजले, व पुढील लावणीस बियाणें उरलें नाहीं. पात वाळतां गड्डे उपटून जुड्या सावलींत टांगाव्या. थोर गड्डे बियाण्यास राखावे, लहान आईस द्यावे.