सही करण्याआधी

नागपूर, 12 जून

चि. मृणाल हिस,


काल ताईचा फोन आला. तुझी बदली व्हीटीसीत, म्हणजे व्होकेशनल ट्रेनिंग सेंटरमध्ये, ट्रेनिंग ऑफिसर म्हणून झाली आणि तू दोन दिवस नीट जेवली नाहीस, असं ती म्हणाली. तुझं वाईट वाटणं मला कळतं. मी नोकरीला लागलो तेव्हा भूमिगत खाणीत बाईने काम करायला कायद्यानेच बंदी होती. ती देखरेखीच्या आणि तांत्रिक कामांपुरती उठली 2019 च्या जानेवारीत. त्या उघडलेल्या दारातून तू गेलीस, सेकंड क्लास मॅनेजरचं सर्टिफिकेट काढलंस, आणि आता तुला फळ्यासमोर उभं केलं. तरी मामा म्हणून सांगतो, या खुर्चीला कमी लेखू नकोस.

मॅनेजर, सर्व्हेयर, ओव्हरमन, सिरदार यांची पारख डीजीएमएसच्या, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या, परीक्षेत होते. इकडे मनसर-कांद्रीच्या मॅंगनीज खाणींत फोरमन, मेट, ब्लास्टर यांचंही तसंच. पण ट्रॅमर, ड्रिलरचा मदतनीस, ठेकेदाराची माणसं यांची ती परीक्षा कोणी घेत नाही. त्यांच्यासाठी 1966 चे व्होकेशनल ट्रेनिंगचे नियम आहेत, आणि त्यांना खाली पाठवायला हरकत नाही असं म्हणणारी शेवटची व्यक्ती आता तू आहेस.

एक गोष्ट मी घरात कोणालाच सांगितलेली नाही. एका खाणीत काही महिने ट्रेनिंगचं काम माझ्याकडे होतं. ठेकेदाराने अकरा माणसं आणली. त्यांचे दिवस पुरे भरले नव्हते, उत्पादनाची घाई होती, वरून दोनदा निरोप आला आणि मी सह्या केल्या. नवव्या दिवशी त्यांतला एक पोरगा शेवटच्या टेकूच्या पुढे, ड्रेसिंग न झालेल्या, म्हणजे सुटे दगड न पाडलेल्या, छताखाली, डबा उघडून बसला. तिथे गारवा होता म्हणून. वरून दगडाची चकती सुटली आणि त्याचा पाय गुडघ्यापासून गेला. चौकशीत त्याचं सर्टिफिकेट निघालं, माझी सही निघाली, कागद पूर्ण होता. मला कोणी काही विचारलं नाही. टेकूच्या पुढे जायचं नसतं, हे त्याला कोणी दाखवलंच नव्हतं, आणि दाखवलं असं मी लिहून दिलं होतं.

म्हणून आधी हात बघ, मग कागद. छताला काठी ठोकून आवाज ओळखायला सांग. घट्ट दगड खणखणीत बोलतो, सुटलेला बद्द वाजतो. हे व्याख्यानात शिकवता येत नाही. मॉडेल गॅलरीत माणसाला पाच जागा ठोकायला लाव आणि तू गप्प उभी राहा. सेल्फ रेस्क्यूअर, म्हणजे श्वासाचं बचाव-यंत्र, डोळ्यांवर पट्टी बांधून घालायला लाव, कारण ज्या दिवशी तो लागेल त्या दिवशी धुरात काही दिसणार नाही. आणि एक गोष्ट प्रत्येकाकडून वदवून घे: आत येणारी हवा गरम लागू लागली म्हणजे यंत्र बिघडलं नाही, ते काम करतंय. हे माहीत नसलेला माणूस घाबरून तोंडातला तुकडा काढून टाकतो आणि तिथेच संपतो.

गॅसचं तसंच. मिथेन हलका, छताशी जमतो. सिरदाराकडे आता मिथेनोमीटर असतो, पण तो कमरेच्या उंचीवर धरून आकडा वाचणारे मी पाहिलेत. 1.25 टक्क्याला जागा सोडायची, 5 टक्क्यांच्या पुढे स्फोट होऊ शकतो, हे आकडे त्याला पाठ असतात. मीटर कुठे धरायचा, हे मात्र हाताला माहीत नसतं. सर्टिफिकेट असलेल्या माणसालाही रिफ्रेशरला बोलावशील तेव्हा मीटर हातात देऊन बघ. नियमात पाच वर्षांनी रिफ्रेशर आहे. जुनी माणसं तिथे चहा प्यायला येतात. मला नवख्यापेक्षा वीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाची जास्त काळजी वाटते, कारण त्याची भीती गेलेली असते.

पाऊस तोंडावर आहे म्हणून पाण्याचंही लिहितो. 10 डिसेंबर 1954 ला छिंदवाड्याकडच्या न्यूटन चिकली कोलियरीत पाणी घुसलं आणि 63 माणसं गेली. तेव्हा तो मुलूख आणि आपलं नागपूर एकाच राज्यात होते, राजधानी नागपूरच होती. आजही त्या पेंच खोऱ्यातल्या खाणींचा कारभार इथूनच, वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, कार्यालयातून चालतो. एकवीस वर्षांनी, 27 डिसेंबर 1975 ला, चासनाला कोलियरीत जुन्या कामांत साठलेलं पाणी फुटलं आणि 375 माणसं बुडाली. पाणी भरलेल्या जुन्या कामांच्या 60 मीटरच्या आत परवानगीशिवाय जायचं नाही, हा नियम सर्व्हेयर आणि मॅनेजरसाठी आहे. पण कोळशाला घाम सुटलाय, फेस म्हणजे कामाचं तोंड पाझरतंय, हे सगळ्यांत आधी दिसतं फेसवरच्या माणसाला. तो गोंडी बोलत असेल, छत्तीसगढी, तेलुगू, भोजपुरी बोलत असेल. त्याच्या बोलीत विचार, लिहायला लावू नकोस. ज्याला वाचता येत नाही तो नापास, असा हिशेब धरलास तर चांगली माणसं गमावशील. नुसता वाचता येणारा पास केलास तर त्याहून वाईट.

तुला फोन येतील. 'मॅडम, पाळी अडलीय, माणसं द्या.' तेव्हा वाद घालू नकोस. रजिस्टरमध्ये लिही, कोणाला कशासाठी थांबवलं, तारीख घाल, आणि त्याची प्रत मॅनेजरकडे पाठव. लिहिलेला नकार मोडायचा तर कोणालातरी स्वतःची सही करावी लागते, आणि ती करायला सहसा कोणी पुढे येत नाही. वर्कमन इन्स्पेक्टरला आणि सेफ्टी कमिटीतल्या कामगारांना सोबत ठेव. कुठल्या पाळीत कोण कच्चा आहे, हे त्यांना तुझ्याआधी कळतं.

महिन्यातून चार दिवस तरी खाली उतर. तू शिकवलेली माणसं कशी काम करतात ते त्यांच्या पाळीत, न सांगता जाऊन बघ. ट्रेनिंग ऑफिसरला कोणी अडवत नाही.

माझा गुडघा बरा आहे. पुढच्या रविवारी जेवायला ये, मामीने पाटोडीची रस्सा भाजी करायचं ठरवलंय. पहिल्या तुकडीतली किती माणसं तू परत ट्रेनिंगला बसवलीस, तेवढा आकडा मला सांग.

तुझा,
मामा